बिघडलेला श्रीमंत नायक प्रेक्षकाच्या डोक्यात का जातो?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. बापजाद्यांच्या पैशावर जगणारा, दारूडा, कामाचा कंटाळा असलेला पण मनाने वाईट नसलेला नायक घेऊन तुम्ही विनोदी पटकथा लिहिताय. डोळ्यांसमोर १९८१ चा 'आर्थर' आहे. तो तुम्हाला आवडतो, त्याचा २०११ चा रीमेक आवडत नाही, आणि गोष्ट तीच असताना असं का व्हावं हे कळत नाही. तुमचा पहिला ड्राफ्ट वाचून मित्र म्हणाले, 'हा माणूस डोक्यात जातो.' म्हणून तुम्ही विचारताय की नायक लाघवी कसा करायचा, दारू काढून टाकायची का, शेवटी त्याला सुधारायचं का. शिवाय निर्मात्याला घरातल्या नोकराच्या जागी बाई हवी आहे, आणि हक्कांचा प्रश्न आहेच.

माझं पोट दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्यावर आणि परभाषेतल्या गोष्टी मराठीत बसवण्यावर चालतं. श्रीमंत वाया गेलेल्या पोराची गोष्ट कोणी ना कोणी घेऊन येतच असतं आणि तक्रार तुमच्यासारखीच असते. त्यावर लेखक करतात ते उपायही ठरलेले. नायकाला कुत्र्याचं पिल्लू वाचवायला लावतात, अनाथाश्रमाला देणगी द्यायला लावतात, नाहीतर आई लहानपणीच गेल्याचा फ्लॅशबॅक टाकतात. त्याने नायक लाघवी होत नाही, लेखक घाबरलाय एवढं मात्र कळतं. अडचण नायकाच्या स्वभावात क्वचितच असते. त्याच्या बेजबाबदारपणाचं बिल कोण भरतंय, आणि ते बिल गोष्टीतल्या कुणाला दिसतंय का, तिथे ती असते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. थिएटरात सहकुटुंब येणाऱ्या प्रेक्षकासाठी लिहिताय की मोबाइलवर एकट्याने बघणाऱ्यासाठी, नायक कोण करणार, गाणी आहेत की नाहीत, यावर पुढचं बरंच बदलेल. नट ठरलेला असेल तर माझं अर्धं म्हणणं त्याच्याकडे बघून पुन्हा तपासा. नट ठरलेला नाही असं धरून मी बोलतो.

आधी १९८१ चा चित्रपट. स्टीव्ह गॉर्डनने तो लिहिला आणि दिग्दर्शितही केला. दिग्दर्शक म्हणून त्याचा हा एकमेव चित्रपट, कारण १९८२ मध्ये तो अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. आर्थर बाख हा न्यूयॉर्कमधल्या गडगंज घराण्याचा वारस. घरच्यांनी ठरवलेल्या सुसान जॉन्सनशी लग्न केलं नाही तर ७५ कोटी डॉलर हातचे जातील अशी त्याला धमकी मिळते, आणि त्याच सुमारास दुकानातून टाय चोरणारी, क्वीन्सला राहणारी वेट्रेस लिंडा त्याला भेटते. डडली मूर आर्थर, लायझा मिनेली लिंडा, आणि आर्थरचा बटलर हॉबसन म्हणून जॉन गिलगुड. अमेरिकेत चित्रपटाने सुमारे साडेनऊ कोटी डॉलर कमावले. गिलगुडला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं आणि शीर्षकगीतालाही मिळालं.

तो चित्रपट पुन्हा लावा आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त एक गोष्ट बघा: आर्थरचा तुम्हाला राग येणार एवढ्यात काय होतं. रात्रभर पिऊन आलेला आर्थर सकाळी जाहीर करतो की आता मी अंघोळ करणार. हॉबसन चेहऱ्याची रेघही न हलवता म्हणतो की मी वर्तमानपत्रांना कळवतो. आर्थर विचारतो, पाणी काढशील का? उत्तर येतं की मी जगतो तेच त्यासाठी. मालक आत गेल्यावर म्हातारा जे पुटपुटतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रेक्षकाच्या मनात 'काय हा ऐतखाऊ माणूस' असं येत असतं, पण ते येण्याआधीच पडद्यावर कोणीतरी बोलून मोकळं झालेलं असतं, तेही आपल्याला जमलं नसतं इतक्या झकास शब्दांत. मग प्रेक्षकाकडे रागवायचं काम उरत नाही. तो हसायला मोकळा.

आपल्या संस्कृत नाटकात राजा धीरगंभीर आणि त्याचा सोबती विदूषक खादाड, भित्रा, बडबड्या असतो. गॉर्डनने ही जोडी उलटी करून बसवली. विदूषक सिंहासनावर आणि राजाचा रुबाब नोकराकडे. गिलगुड तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता, शेक्सपियरच्या नाटकांत आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे तो रुबाब त्याला आणावा लागला नाही. त्याच्यासमोर पाच फूट तीन इंचही नसलेला मूर, मोठमोठ्या खोल्यांत हरवल्यासारखा, स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारा. उंच, देखण्या, आत्मविश्वासाने फुललेल्या नटाला हीच वाक्यं दिली असती तर तो माजोरडा वाटला असता. नट निवडताना हे लक्षात ठेवा.

हॉबसनचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. तो आजारी पडतो आणि आर्थर त्याची सेवा करतो. आयुष्यभर एक काम न केलेला माणूस म्हाताऱ्याच्या उशाशी बसतो आणि तेवढे दिवस पीत नाही. 'आता मी दारू सोडली' असं कोणी म्हणत नाही, संगीत भरून येत नाही. हॉबसन जातो आणि आर्थर पुन्हा पिऊन तर्र होतो. या माणसाला कधी आणि कशासाठी शुद्धीत राहता येतं, हे त्या काही मिनिटांत कळतं आणि ते पुरतं. माझ्या मते अख्ख्या पटकथेची मेख इथे आहे.

आता बिलाकडे. सुरुवातीला आर्थर रस्त्यावरून एका वेश्येला गाडीत घेतो आणि थेट प्लाझा हॉटेलात जेवायला नेतो. तिथे त्याचे नातेवाईक भेटतात, तर हा तिची ओळख कुठल्याशा चिमुकल्या देशाची राजकन्या म्हणून करून देतो. कागदावर हा प्रसंग भयंकर आहे. तरी चालतो, कारण हशा पिकतो तो नातेवाइकांच्या आंबट चेहऱ्यावर. त्या मुलीला तो पाहुण्यासारखी वागवतो. नायकाच्या चाळ्यांचा त्रास नेहमी त्याच्या बरोबरीच्यांना किंवा वरच्यांना होतो, खालच्यांना होत नाही. एकच अपवाद सुसानचा, बोहल्यावरून तिला सोडून देतात आणि चित्रपट तिच्याकडे फारसा मागे वळून बघत नाही. हे आज खटकतं. तुमच्या ड्राफ्टमध्ये अशी मुलगी असेल तर तिला स्वतःचं काही म्हणणं द्या. लग्न मोडणं तिलाही सोयीचं होतं असं निघालं, तर विनोदही वाढतो.

२०११ च्या रीमेककडे येऊ. रसेल ब्रँड आर्थर, हेलन मिरेन हॉबसन, ग्रेटा गर्विग नायिका, जेनिफर गार्नर सुसान. या नटसंचाला नावं ठेवायला जागा नाही. सुमारे चार कोटी डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत त्याहून कमीच, सुमारे ३.३ कोटी परत आले. '२००८ च्या मंदीनंतर श्रीमंतांवर हसायची लोकांची तयारी नव्हती' असं स्पष्टीकरण देता येईल. त्यात थोडं तथ्य असेल, पण मला ते अपुरं वाटतं. लोक तेव्हाही श्रीमंतांवर हसत होते. लेखकांनी हीच शंका मनात धरली आणि ती मिटवण्यासाठी नायकाच्या दोन्ही बाजूंना भर घातली, तिथे गोष्ट बिघडली.

एका बाजूला खेळणी वाढवली. चित्रपट सुरूच होतो तो बॅटमॅनच्या वेशात, बॅटमोबिलमधून, मागे पोलीस अशा पाठलागाने. पुढे लिलावात लिंकनचा पोशाख येतो, नायिकेसोबतच्या जेवणासाठी ग्रँड सेंट्रल स्थानक रिकामं केलं जातं. जुन्या चित्रपटात श्रीमंती म्हणजे मोठ्या खोल्या आणि त्यातली शांतता. पैसा सगळीकडे असूनही कोणी मोजत नाही. रीमेकमध्ये प्रत्येक गंमत विकत घेतलेली आहे, आणि विकत घेतलेली गंमत दिसली की प्रेक्षक किंमत मोजायला लागतो. एकदा त्याने मोजायला घेतलं की 'माझा गृहकर्जाचा हप्ता' त्याला आठवणारच.

दुसऱ्या बाजूला औषध वाढवलं. आर्थर व्यसनमुक्तीच्या गटाच्या बैठकीला जातो, आणि शेवटी काही महिने न पिता राहिल्यावर नायिकेला पुन्हा भेटतो. हेतू चांगला आहे. १९८१ मधला दारूकडे बघण्याचा सैलपणा आज चालणार नाही हे खरंच. अमेरिकेतच १९८० मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्ध मातांची संघटना उभी राहिली आणि १९८४ मध्ये पिण्याचं किमान वय देशभर एकवीस करायला लावणारा कायदा झाला, म्हणजे जुना 'आर्थर' आला तेव्हाच वारं फिरायला लागलं होतं. पण एखाद्या गोष्टीला गोष्टीतच आजार म्हटलंत की त्यावर मागे पिकवलेला हशा प्रेक्षकाला परत द्यावासा वाटतो. तासभर बाटलीवर हसवायचं आणि मग 'ही बाटली म्हणजे रोग आहे' असं सांगायचं, यात त्याला आपली फसवणूक झाल्यासारखं वाटतं. मूळ चित्रपटाचा पुढचा भाग १९८८ मध्ये आला होता, त्यातही आर्थर कंगाल होतो आणि दारू सोडायच्या मागे लागतो. तोही पडला. निर्मात्यांनी तेव्हाच धडा घ्यायला हरकत नव्हती.

दोन शेवट शेजारी ठेवून बघा. जुन्या चित्रपटात आर्थर चर्चमध्ये लग्न मोडतो, म्हणजे ७५ कोटींवर पाणी सोडतो, सुसानच्या बापाचा मारही खातो. त्यानंतर त्याची आजी मार्था पैसे त्यालाच देते. का देते? आपल्या घराण्यात आजवर कोणी कष्टकरी झालेला नाही आणि होऊ द्यायचा नाही, म्हणून. घराण्याचा शुद्ध माज! आर्थरच्या सद्गुणांशी त्याचा काही संबंध नाही. तो घेतो, आणि आपण टाळ्या वाजवतो, कारण हे बक्षीस नसून निव्वळ नशीब आहे आणि नशिबावर हसता येतं. रीमेकमध्ये दारू सुटते मग प्रेम मिळतं, म्हणजे चांगलं वागलास म्हणून खाऊ. तिथे विनोदाचं बोधकथेत रूपांतर होतं. तुमच्या ड्राफ्टचा शेवट मी वाचलेला नाही, पण तुम्ही 'सुधारायचं का' असं विचारताय त्यावरून अंदाज येतो.

मग आजच्या काळात करायचं काय? इथे आपल्या शेजारचंच उदाहरण कामाचं आहे. प्रकाश मेहरांचा १९८४ चा 'शराबी' याच गोष्टीवरून सुचलेला. पण त्यांनी बिलाचा पत्ताच बदलला. अमिताभचा विकी पितो कारण त्याच्या बापाला, म्हणजे प्राणला, धंद्यापुढे पोराकडे बघायला वेळ नव्हता. पोराला वाढवलं ते मुनशीजींनी, म्हणजे ओमप्रकाशने. बेजबाबदार कोण, या प्रश्नाचं उत्तर इथे बाप असं आहे. त्यामुळे दारू हा दोष राहत नाही, ती तक्रार होते आणि नायकावर रागवायची सोयच उरत नाही. शिवाय मुकरींच्या मिश्यांची दाद देणारा संवाद आजही लोकांच्या तोंडी आहे, म्हणजे विनोदही मेला नाही. पण किंमत द्यावी लागलीच. उत्तरार्धात विनोद मागे पडतो आणि बापलेकाचं नाट्य पुढे येतं. आपल्या प्रेक्षकाला ते नाट्य आवडतं, तेव्हा हा सौदा तुम्हाला करायचा असेल तर डोळे उघडे ठेवून करा. गाणी नसतील तर तो झेपणार नाही असं माझं मत आहे, कारण 'शराबी'तला हळवेपणा बप्पी लाहिरींच्या चालींनी आणि किशोरकुमारच्या आवाजाने पेलला होता.

जाता जाता, मराठीत या पेचावर फार आधी तोडगा निघालेला आहे. गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त हसायचं काम तळीरामाकडे दिलं आणि रडायचं सुधाकराकडे. दोघं एकाच बाटलीतून पितात, पण प्रेक्षकाला कुठे काय करायचं ते स्पष्ट कळतं. तुम्ही दोन्ही एकाच माणसावर लादताय. ते अशक्य नाही, पण मग हसू आणि आजार एकाच सीनमध्ये आणू नका.

तुमच्या ड्राफ्टवर मी काम करायला घेतलं असतं तर सगळ्यात आधी घरातला नोकर तपासला असता. तो पहिल्या दहा पानांत आला पाहिजे आणि आल्याआल्या त्याने नायकाची लायकी काढली पाहिजे, तीही नायकाला मजा वाटेल अशी. नायक त्यावर चिडला तर संपलं. आर्थरची खरी लाघवी गोष्ट हीच की त्याला हॉबसनचे टोमणे आवडतात.

त्यानंतर नायकाच्या प्रत्येक करामतीपुढे समासात लिहायचं: याचा भुर्दंड कोणाला? वेटर, ड्रायव्हर, वॉचमन, कामवाली अशी नावं यायला लागली की तो सीन फिरवायचा. मित्र 'डोक्यात जातो' म्हणाले ते बहुधा अशाच एखाद्या सीनमुळे. त्यांना तो सीन नेमका कोणता ते विचारा, 'एकूणच' असं उत्तर मान्य करू नका.

दारूबद्दल. प्रत्येक सीनमधून बाटली काढून तो वाचून बघा. बाटलीशिवाय सीन तसाच उभा राहत असेल तर बाटली शोभेची होती, काढून टाका. पडद्याच्या कोपऱ्यात आरोग्याचा इशारा झळकत असताना पंच मारणं किती कठीण असतं ते वेगळं सांगायला नको. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त सीन बाटलीवाचून चालतात, कारण बेजबाबदारपणाला दारू लागत नाही. वाढदिवस विसरणं, दुसऱ्याच्या लग्नात भाषण ठोकणं, बापाच्या कंपनीच्या मीटिंगमध्ये झोपणं, हे शुद्धीत जास्त हास्यास्पद दिसतं. उरलेल्या सीनमध्ये दारू राहू द्या.

सुधारणेबद्दल एवढंच सांगेन की नायकाला व्यसनातून बाहेर काढू नका, त्याला एक काम करायला लावा. कोणी न सांगता, कोणासाठी तरी, आणि ते त्याला नीट जमलं नाही तरी चालेल. बाकी तो होता तसाच राहू दे.

बाईच्या भूमिकेविषयी निर्मात्याशी भांडू नका, कल्पना वाईट नाही. रीमेकमध्ये मिरेनची हॉबसन आर्थरला लहानपणापासून सांभाळणारी दाई आहे आणि मिरेन छानच आहे. पण एक गोष्ट हातची जाते. दाई रागावली तर ते आईचं रागावणं, त्यात तिला काही गमवायचं नसतं. बटलर मालकाला टोमणा मारतो तेव्हा त्याची नोकरी पणाला लागलेली असते, आणि त्या धोक्यामुळेच वाक्याला धार येते. तेव्हा तुमच्या घरातल्या मावशी स्वयंपाकाला असोत किंवा आजारी आजीच्या देखभालीला, त्यांचा पगार, त्यांच्या घरचा खर्च आणि त्यांना काढून टाकू शकणारी व्यक्ती गोष्टीत दिसू द्या. त्या प्रेमळ आहेत हे कोणाच्याही तोंडी घालू नका. आणि नट ठरवायचे तेव्हा आधी ही भूमिका ठरवा. नायक तिच्यासमोर उभा करून बघा, कोण शोभतं ते लगेच कळेल.

राहिला हक्कांचा प्रश्न. 'श्रीमंत उनाड पोरगा, घरच्यांची धमकी, गरीब मुलगी' ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हेच तत्त्व मांडलं: कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, आणि दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य माणसाला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्ट वाटतं का, ही कसोटी. तुमच्या ड्राफ्टमध्ये टायचोरी, अंघोळीचा संवाद, चर्चमधली मारामारी, आजीचा शेवट हे सगळं त्याच क्रमाने असेल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. मूळ चित्रपटातल्या आणि तुमच्या घटना दोन रकान्यांत समोरासमोर लिहून काढा आणि तो कागद घेऊन कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडे जा. निर्माता 'बघू नंतर' म्हणत असेल तर निदान करारात हक्कांची जबाबदारी त्याच्यावर आहे असं कलम घालून घ्या. मानधनाचा पहिला हप्ता येण्याआधी हे झालेलं बरं, नंतर तो ऐकून घेणार नाही.